मुळांवरच्या गाठी

कारंजा तालुक्यातील कामरगावच्या काळ्या कसदार शिवारात श्रावणाच्या सुमारास मुलांना घेऊन गेल्यास, सोयाबीनच्या काही ओळींनंतर मध्येच तुरीची ओळ का, हा प्रश्न त्यांच्याच मुखातून निघेल. असे कुतूहल जागले की सोयाबीनचे एक रोप मुळासकट हलकेच उपटावे, मुळांवरची मुगाएवढी गाठ नखाने फोडावी, आणि आतला गुलाबी रंग दिसताच सांगावे की हवेतील नत्र पिकास मिळवून देणारे जिवाणू येथे वसतीस आहेत. पुस्तकातील चित्राहून हे दर्शन माझ्या मते शतपटीने श्रेष्ठ होय.

मोजमापाचेही तसेच: तेहतीस फुटांचा चौरस दोरीने आखला की गुंठा होतो, असे 40 गुंठे म्हणजे एकर, आणि सातबाऱ्यातील आर जवळजवळ तेवढाच, हे बांधावरच उमगते. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी पुरस्कारिलेल्या मूलोद्योग शिक्षणात शेतीला स्थान मिळाले, ते उगाच नव्हे.

पालकहो, शेतधन्याची संमती घेऊन, फवारणी झालेले शेत कटाक्षाने टाळून, या हंगामात मुलांना शिवारात अवश्य न्यावे.