बलिदान व पुनरुत्थान
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं दिलेलें व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगीं ख्रिस्ती बलिदानाविषयीं आम्हीं चार शब्द बोलावे, अशी मंडळींची इच्छा दिसली. विषय आमच्या आवडीचा खरा. परंतु एका प्रसंगापासून तो उच्चारतांना आमची जीभ अडखळते. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका तरुणाचा अंत्यविधि चालवीत होतों. प्रवचनाच्या ओघांत, ‘या मातेनें आपला पुत्र देवास अर्पण केला आहे,’ असें आम्ही बोलून गेलों. विधि आटोपल्यावर ती माउली जवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘फादर, मीं त्याला दिला नाहीं. तो माझ्याकडून नेला.’ सेमिनरींत इतकीं वर्षें ईश्वरविद्या शिकूनहि आम्हांस त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. आज जें बोलणार आहों, तें तिला द्यावयाचें राहिलें होतें.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचें चरित्र तुम्हांस ठाऊक आहे. जपानांत त्यांनीं प्रथम येशूसंघीय धर्मगुरूंना साहाय्य केलें, पुढें कांहीं काळ व्यापार केला, मग मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत शिरले आणि १५९३ सालीं दुभाषी म्हणून पुन्हां जपानांत गेले. व्यापार करून सुखानें राहण्याचा मार्ग त्यांस मोकळा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर त्यांच्यासह सव्वीस जणांस क्रुसावर चढवून भाल्यांनीं भोसकण्यांत आलें. आपण वसईकर आपल्या संताचा अभिमान बाळगतां बाळगतां इतरांस विसरतों, म्हणून सांगतों, त्यांत वीस जण जपानी होते आणि लुई नांवाचा एक मुलगा अवघा बारा वर्षांचा होता.

या बलिदानाचें फळ काय मिळालें? १६१४ सालीं त्या देशांत ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी आली. धर्मगुरू मारले गेले, मंदिरें पाडलीं गेलीं. पाहणारा म्हणाला असता, संपलें. पुढें परदेशी लोकांसाठीं नागासाकीस एक मंदिर उभें राहिलें व तें याच सव्वीस जणांच्या नांवें अर्पण करण्यांत आलें. १७ मार्च १८६५ रोजीं उराकामी गांवचे कांहीं शेतकरी तेथें भीतभीत आले आणि पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे, असें त्यांनीं विचारलें. दोनशें वर्षांहून अधिक काळ धर्मगुरूवांचून, मिस्सेवांचून, त्यांनीं आपल्या लेंकरांस स्वतःच बाप्तिस्मा दिला होता आणि उपवासकाळ पाळला होता! भाल्याखालीं प्राण सोडणाऱ्या त्या सव्वीस जणांपैकीं एकाच्याहि दृष्टीस हें पडलें नाहीं.

कथा येथेंच थांबवितां आली असती, तर आमचें काम सोपें होतें. परंतु त्याच उराकामीच्या लोकांपैकीं तीन हजारांहून अधिक जणांस पुढें हद्दपार करण्यांत आलें, आणि सहाशेंहून अधिक जण परत आले नाहींत. १८७३ सालीं बंदी उठली. उरलेल्यांनीं परत येऊन भव्य मंदिर बांधलें. आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजीं त्या मंदिराजवळच आकाशांत अणुबाँब फुटला. स्वर्गोन्नयनाचा सण सहा दिवसांवर होता. मंदिरांत पापनिवेदन चाललें होतें. उराकामीच्या सुमारें बारा हजार कॅथलिकांपैकीं जवळजवळ साडेआठ हजार मेले.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत, त्या भग्न मंदिराशीं झालेल्या मिस्सेच्या वेळीं, ताकाशी नागाई नांवाच्या भाविक डॉक्टरांनीं या मृतांस देवापुढील होमबलि म्हटलें. त्यांचें पुष्कळांस सांत्वन झालें. पुष्कळांस राग आला. नागाईंची पत्नी त्याच अग्नींत गेली होती. आपल्या दुःखास तें नांव देण्याचा त्यांस अधिकार होता; परंतु दुसऱ्याच्या दुःखास तें नांव देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. संत गोन्सालो यांनीं प्राण दिले. उराकामीच्या बालकांचे प्राण नेले गेले. आम्ही त्या अंत्यविधीस हा भेद विसरलों होतों.

मग प्रभूचें काय? त्याचेहि प्राण नेलेच ना? होय, मारणाऱ्यांनीं केली ती हत्याच, आणि तिला पुण्य म्हणणें पाप आहे. परंतु कोणी अंगाला हात लावण्यापूर्वींच, आदल्या रात्रीं भोजनाच्या वेळीं, त्यानें भाकरीच्या रूपानें स्वतःस देऊन टाकलें होतें. दुसऱ्या दिवशीं हिसकावून घेण्यास आलेल्यांच्या हातीं पडलें, तें अगोदरच दिलेलें होतें. आणि पुनरुत्थान हा पित्यानें त्या हत्येस दिलेला होकार नव्हे. तो तिला दिलेला नकार आहे. तरीहि उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. ते त्यानें झांकले नाहींत, तोमासापुढें धरले. जें नेलें गेलें तें नेलें गेलेंच नाहीं, असें पुनरुत्थान सांगत नाहीं. नेलेलें पित्याच्या हातून निसटत नाहीं, एवढेंच तें सांगतें. आणि तेवढ्यावर आम्ही धर्मगुरू झालों.

हें उत्तर त्या माउलीस पुरेल कीं नाहीं, तें तीच जाणे. आजच्या मिस्सेंत आपल्या मृतांचीं नांवें वाचलीं जातील, त्यांत तिच्या मुलाचेंहि आहे. भाकरी व द्राक्षारस वेदीपाशीं कोणीं आणावा, असें विचारलें तेव्हां तिनें आपण होऊन हात वर केला. आम्हीं कांहीं सुचविलें नव्हतें.