हुशार लेकराला कोणत्या शाळेत घालावे?

(सावली येथे विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही काही शिकलेसवरलेले वक्ते नाही. राईस मिलमध्ये धानाची पोती उचलता उचलता जे वाचले आणि या वस्तीतल्या पोरांचे फॉर्म भरता भरता जे कळले, तेवढीच आमची पुंजी. समितीने शिक्षणावर बोला म्हणून सांगितले. आता शिक्षणाचे महत्त्व या वस्तीला सांगणे म्हणजे मासोळीला पोहणे शिकवणे होय. म्हणून तो भाग आम्ही सोडून देतो आणि ज्या ठिकाणी आपले मायबाप खरोखर अडतात, त्या ठिकाणावर बोलतो.

पोरगं शाळेत जात नाही, ही आपली जुनी अडचण होती. आता अडचण अशी की लेकरू हुशार निघते, मास्तर घरी येऊन सांगतात की याला पुढे पाठवा, आणि बापाला कळत नाही की पाठवायचे कुठे. मग दोनच गोष्टी होतात. एक तर उधारउसनवारी करून, बचत गटाचे कर्ज काढून पोराला शहरातल्या इंग्रजी शाळेत टाकतात. नाही तर 'हुशार आहे ना, कुठेही शिकल' म्हणून जसे आहे तसेच राहू देतात. दोन्ही मार्ग आम्हांला पटत नाहीत.

इंग्रजी शाळेचे आधी बोलू. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने तिसरीतला पोरगा, चांगला तरतरीत, पाढे तोंडपाठ असलेला, काढून एका खाजगी इंग्रजी शाळेत घातला. टाय आला, बूट आला, व्हॅन आली. दोन वर्षांनी त्या पोराला इंग्रजी धड येईना आणि मराठीत अर्जही लिहिता येईना. गणित ज्या भाषेत त्याला समजत होते, ती भाषाच काढून घेतल्यावर गणितही गेले. शाळेचे नाव आम्ही घेत नाही, कारण अशी ती एकटीच नाही. आमचा इंग्रजीला विरोध नाही. इंग्रजी शिकलेच पाहिजे. पण इंग्रजी शिकणे वेगळे आणि शिकवता येत नसलेल्या माणसाकडून सगळेच विषय इंग्रजीत ऐकणे वेगळे.

आणि यात आणखी एक नुकसान आहे, ते बापाला फार उशिरा कळते. आपल्या जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय नागभीड तालुक्यात तळोधी (बाळापूर) इथे आहे. मूल, सिंदेवाही करून गेले की रस्त्यावरच. नदीपलीकडे गडचिरोली जिल्ह्याचे नवोदय चामोर्शी तालुक्यात घोट इथे. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून ही शाळा निघाली, आणि देशातल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक आपल्या विदर्भात, अमरावतीला सुरू झाले. सहावी ते बारावी. राहणे, जेवण, कपडे, पुस्तके फुकट. नववीपासून दरमहा थोडी वर्गणी घेतात, पण अनुसूचित जाती-जमातीच्या लेकरांना, सगळ्या मुलींना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही माफ.

सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या निदान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा ग्रामीण भागातल्या लेकरांसाठी. आता नीट ऐका. ग्रामीण म्हणून बसायचे असेल तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्याच शाळेत झालेली पाहिजेत. या तीन वर्षांत एक दिवसही शहरी भागातल्या शाळेत नाव असले तर लेकरू शहरी धरले जाते. म्हणजे खेड्यातल्या बापाने कर्ज काढून पोराला चंद्रपूरला नेले, ते ६० जागांच्या रांगेतून काढून उरलेल्या २० जागांच्या रांगेत नेऊन उभे केले! सावलीला आता नगर पंचायत आहे. तेव्हा गावातल्या शाळेचे लेकरू कोणत्या रांगेत धरतात, हे फॉर्म भरण्याआधी हेडमास्तरांकडून पक्के करून घ्यावे. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेल्या मंडळींनी तर 'सावलीची शाळा मोठी' म्हणून पोर उचलून इकडे आणण्यापूर्वी दहादा विचार करावा.

परीक्षा पाचवीत असताना, आणि एकदाच. नापास झालो तर पुढच्या वर्षी बसू, असे इथे नाही. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. पेपर मराठीत मिळतो. त्यातले ४० प्रश्न, ५० गुणांचे, आकृत्यांचे असतात: वेगळी आकृती ओळखा, आरशातली ओळखा, अर्धी आहे ती पूर्ण करा. हे पाचवीच्या कोणत्याही पुस्तकात नाही. वर्गात पहिला येणारा पोरगा या आकृत्या पाहून घाबरतो, कारण त्याने त्या जन्मात पाहिलेल्या नसतात. यावर उपाय महागडी शिकवणी नाही. जुने पेपर आणून सहा महिने रोज अर्धा तास सोडवायचे, एवढाच आहे. पूर्वी आम्ही हे पेपर चंद्रपूरहून झेरॉक्स करून आणत असू, आता मोबाईलवर मिळतात.

बाहेरच्या जिल्ह्याचे एक उदाहरण देतो, कारण तेही आपल्यासारखेच जंगलातले आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात सामोडे नावाचे गाव आहे. तिथल्या भिल्ल कुटुंबातले डॉ. राजेंद्र भारूड. जन्माच्या आधीच बाप गेला. मायने मोहाची दारू विकून घर चालवले. पाचवीनंतर अक्कलकुव्याच्या नवोदयात गेले, पुढे मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि २०१३ साली आय.ए.एस. कोरोनाच्या काळात नंदुरबारचे कलेक्टर तेच होते. त्यांनी ऑक्सिजनची सोय वेळेआधी करून ठेवली म्हणून २०२१ साली देशभर त्यांचे नाव झाले. 'मी एक स्वप्न पाहिलं' हे त्यांचे पुस्तक आपल्या वाचनालयात असावे, अशी समितीला विनंती आहे. लेकरू हुशार आहे हे मास्तरने ओळखून मायला सांगितले, आणि त्या मायने दहा वर्षांचे पोर लांब पाठवले. मायचे ते धाडस फार मोठे होते.

आपल्याकडे पोर लांब पाठवताना पाय अडखळतो, आणि पोरगी असेल तर जास्तच. आमच्या वस्तीत एका पोट्टीचा नंबर लागला तेव्हा पेढे वाटले गेले, आणि आठ दिवसांत घरात भांडण सुरू झाले. आजी म्हणे, "एवढीशी पोर, तिची वेणी कोण घालल?" काका म्हणे, "मुलीला बाहेर ठेवणे चांगले दिसत नाही." आणि खरी गोष्ट कोणीच बोलेना. रोवणीच्या दिवसांत माय बांधीत जाते, तेव्हा धाकट्या भावाला ती पोर सांभाळत होती. आम्ही तीन वेळा त्या घरी गेलो. तिसऱ्यांदा आम्ही आजीलाच विचारले, "आजी, हा नंबर नातवाचा लागला असता तर?" आजी बोलली नाही, पण जूनमध्ये पोरीची पेटी तिनेच भरली. नवोदयात निदान एक तृतीयांश जागा मुलींच्या असतात. त्या जागा आपण भरल्या नाही तर दुसरे भरतील.

पण याच्या उलटही सांगतो. एक मुलगा गेला आणि अडीच महिन्यांत परत आला. जेवत नव्हता, रात्री रडत होता. बापाने घरी आणला तेव्हा लोक त्याला हसले. आम्ही म्हणतो, बापाने योग्य केले. सगळीच हुशार लेकरे वसतिगृहाची नसतात. मिलमध्ये जाड धान आणि बारीक धान एकाच रोलरवर, एकाच अंतराने कोणी काढत नाही. काढले तर नुसती कणी हाती येते. तो मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेतच शिकला आणि आठवीत एन.एम.एम.एस. परीक्षा पास झाला. त्यात वर्षाला १२ हजार रुपये, नववी ते बारावी चार वर्षे मिळतात. घरचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागते, आणि लेकरू सरकारी किंवा अनुदानित शाळेत असावे लागते. विनाअनुदानित खाजगी शाळेतल्याला ती मिळत नाही. म्हणजे तिथे फी भरायची ती भरायचीच, वरून हे ४८ हजारही गेले.

याशिवाय राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. तिच्या इयत्ता बदलत आल्या आहेत, चौथी-सातवी की पाचवी-आठवी हे दरवर्षी शाळेत विचारावे. समाजकल्याणच्या, अनुसूचित जाती व नवबौद्ध लेकरांसाठीच्या निवासी शाळाही आहेत, सहावी ते दहावी. चंद्रपूरची सैनिक शाळा २०१९ ला सुरू झाली. शाळा मोठी आहे पण फीही तशीच, तेव्हा शिष्यवृत्तीची चौकशी करूनच पाऊल टाकावे.

कोणतीही शाळा असो, तिचे नुसते नाव पाहू नका. बाबासाहेब साताऱ्याहून मुंबईला आले तेव्हा सुभेदार रामजींनी परळच्या एका खोलीत संसार मांडला, लेकींकडून पैसे घेऊन पुस्तके आणली आणि पोराला एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. सरकारी शाळा, मुंबईतली नामांकित. तिथेही त्यांना संस्कृत घेऊ दिले नाही, पर्शियन घ्यावे लागले. १९०७ ला मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी पाठीवर हात ठेवला, त्यांच्या शब्दावर सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली. मोठ्या नावाच्या शाळेत दार बंद करणारा असू शकतो आणि शाळेबाहेर दार उघडणारा भेटतो. म्हणून लेकरू सुट्टीत घरी आले की त्याला टक्केवारी विचारू नका. कोणत्या बाकावर बसतो, जेवायला कोणासोबत बसतो, मास्तर नावाने हाक मारतात की आणखी कशाने, हे विचारा. उत्तर द्यायला वेळ लावला तर दुसऱ्या दिवशीची एस.टी. धरून शाळेत जाऊन या.

आता एक कडू गोष्ट. नवोदय केंद्र सरकारचे आहे. १९९० मध्ये कायदा झाला तेव्हापासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना केंद्राच्याही सवलती मिळतात. पण केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्यावर मूळ जातीचे नाव लागते. आपण शाळेत अभिमानाने नुसते 'बौद्ध' लिहितो आणि ऐन प्रवेशाच्या वेळी कागद अडतो. जे नाव आपण टाकले ते पुन्हा कागदावर लिहिणे मनाला लागते, आम्हांलाही लागते. तरी आजोबांची जुनी टी.सी. किंवा दाखल खारीजचा उतारा घरात शोधून ठेवा. निवड झाल्यावर धावाधाव करू नका, चौथीतच तहसीलमधून दाखला काढून ठेवा.

नवोदयचे फॉर्म पावसाळ्यात निघतात, ऐन रोवणीत. म्हणून तारीख हुकते. समितीने ठरवले आहे की ज्यांची लेकरे यंदा पाचवीत आहेत, त्यांनी रविवारी वंदना झाल्यावर विहारातच थांबावे. लेकराचे आधार कार्ड, फोटो आणि हेडमास्तरांच्या सहीचे शाळेचे प्रमाणपत्र आणावे. मोबाईल आमच्या पोरांकडे आहे, फॉर्मचे पैसे लागत नाहीत. घरात पोरीला पाठवायचे की नाही यावर वाद असेल, तर आजीलाही सोबत घेऊन या. चौथीतल्या लेकरांसाठी जुने पेपर सोडवायला विहाराची खोली संध्याकाळी सात ते आठ उघडी राहील. किल्ली आमच्याकडेच आहे. मिलची दुसरी पाळी असली तर आमच्या घरी मागावी.

जयभीम. नमो बुद्धाय.