राक्षस कोण ठरवतं?

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)

भुताखेतांच्या गोष्टींवर बोलायचं म्हटलं की आपल्यातलेच काहीजण तोंड वाकडं करतात. म्हणतात, इथं नोकरीचा प्रश्न आहे, घराचा प्रश्न आहे, नि तुम्ही राक्षस कसले घेऊन बसलात? मी म्हणतो, राक्षसाचाच प्रश्न आधी घ्या. कारण माणसाला मारायचं असेल तर आधी त्याला राक्षस करावं लागतं. गोळी नंतर येते, गोष्ट आधी येते.

आज मी अमेरिकेतल्या दोन गोष्टींवर बोलणार आहे. दोन्हींचं शहर एकच, न्यूयॉर्क. दोन्हींतला काळही एकच, १९२४-२५ च्या आसपासचा. पहिली एका गोऱ्यानं त्याच वेळी लिहिली. दुसरी नव्वदेक वर्षांनी एका काळ्यानं लिहिली.

पहिल्याचं नाव एच. पी. लव्हक्राफ्ट. जन्म १८९०, मृत्यू १९३७. भयकथेतला मोठा माणूस. माणसाच्या आधीपासून असलेले अक्राळविक्राळ देव, समुद्राच्या तळाशी झोपलेले. ते जागे झाले की माणसाचा खेळ खलास, ही त्याची कल्पना. आजही सिनेमे, कॉमिक्स, व्हिडिओ गेम तिच्यावर जगतात.

हा लव्हक्राफ्ट १९२४ साली लग्न करून न्यूयॉर्कला आला, ब्रुकलिनमध्ये राहिला. नोकरी मिळेना. रस्त्यावर बघावं तर काळे, सिरियन, इटालियन, ज्यू, साऱ्या जगातून पोटासाठी आलेली माणसं. त्या गर्दीची त्याला शिसारी आली. १९२५ साली ती शिसारी त्यानं एका कथेत ओतली. 'द हॉरर ॲट रेड हुक'. १९२७ साली 'विअर्ड टेल्स' मासिकात ती छापून आली.

रेड हुक म्हणजे ब्रुकलिनच्या गोदीची वस्ती. हमाल, खलाशी, हातावर पोट असलेले लोक. कथेत ही वस्ती सैतानाचा अड्डा होते. परकी भाषा बोलणारा माणूस म्हणजे मंत्र पुटपुटणारा. स्थलांतरित म्हणजे पोरं पळवून तळघरात बळी देणारे. शेवटी पोलीस धाड घालतात, इमारती कोसळतात, नि वाचकानं सुटकेचा श्वास टाकायचा. त्या वस्तीतल्या माणसांना कथेत धड नावंसुद्धा नाहीत.

आता गंमत बघा. ह्या लेखकाची बायको सोनिया ग्रीन स्वतः स्थलांतरित होती. आजच्या युक्रेनमधून आलेली ज्यू बाई. संसाराचा बराचसा खर्च तीच भागवत होती. म्हणजे ज्यांचा कमावलेला घास खायचा, त्यांच्याच तोंडाला कथेत सैतानाचा मुखवटा बांधायचा!

कुणी म्हणेल, हा एका लेखकाच्या डोक्यातला कचरा. तसं नाही. त्याच १९२४ साली अमेरिकेच्या संसदेनं जॉन्सन-रीड कायदा केला. दक्षिण नि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक कोटा बसवला. आशियातल्या जवळजवळ सगळ्यांना दारच बंद केलं. जे भय लव्हक्राफ्टच्या कथेत बसलं तेच कायद्याच्या कलमातही बसलं. म्हणून भयकथा ही नुसती करमणूक नसते. सत्तेला रात्री पडणारी स्वप्नं तिच्यात उघडी पडतात.

आता दुसरी गोष्ट. व्हिक्टर लव्हॅल, १९७२ चा जन्म, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये वाढलेला, आई युगांडाची. हा लहानपणी लव्हक्राफ्ट आवडीनं वाचायचा. मोठा झाल्यावर कळलं की आपण ज्याच्यावर जीव टाकला, त्याच्या लेखी आपण राक्षसांच्या बाजूला उभे आहोत. आपल्यातल्या वाचणाऱ्या पोरांना हा अनुभव वेगळा सांगायला नको.

लव्हॅलनं पुस्तक जाळलं नाही. २०१६ साली त्यानं 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम' ही छोटी कादंबरी लिहिली. तीच वस्ती, तोच मलोन नावाचा पोलीस, तोच सायडम नावाचा श्रीमंत म्हातारा. फक्त कथा कुठून बघायची ती जागा बदलली. आता आपण हार्लेमच्या टॉमी टेस्टरबरोबर चालतो. काळा तरुण, हातात गिटारची पेटी, इकडंतिकडं करून पोट भरणारा. बाप ओटिस गवंडीकाम करून करून मोडलेला. एक दिवस एक गोरा खाजगी डिटेक्टिव्ह त्यांच्या घरात घुसतो. अंधारात म्हाताऱ्याच्या हातात गिटार असते. ह्याला ती बंदूक दिसते. तो रिव्हॉल्व्हर रिकामं करतो, पुन्हा भरतो, पुन्हा रिकामं करतो. मला जिवाची भीती वाटली, एवढं सांगून तो मोकळा.

ही कल्पना म्हणायची का? १९९९ साली न्यूयॉर्कच्याच ब्रॉन्क्समध्ये आमादू डियालो हा गिनीतून आलेला तेवीस वर्षांचा तरुण स्वतःच्या घराच्या दारात उभा होता. त्यानं खिशातून पाकीट काढलं. चार पोलिसांना ती बंदूक दिसली. त्यांनी ४१ गोळ्या झाडल्या. २००० साली चौघेही निर्दोष सुटले. गिटार काय, पाकीट काय! ज्याच्या डोक्यात राक्षस आधीच भरलेला आहे, त्याला काळ्याच्या हातात बंदूकच दिसणार.

मग बातमी असताना राक्षसाची कथा कशाला हवी? कारण बातमी वाचून माणूस पान उलटतो. कादंबरीच्या शेवटाकडे टॉमी मलोनच्या पापण्या कापून टाकतो. आता ह्या पोलिसाला डोळे मिटताच येणार नाहीत, सगळं बघावंच लागणार. वाचतानाही अंगावर काटा येतो. ह्या जातीचं लेखन वाचकाला डोळे मिटू देत नाही. तेच त्याचं काम.

पुढं काय झालं तेही ऐका. फँटसी लेखनाचा एक मोठा पुरस्कार आहे, वर्ल्ड फँटसी अवॉर्ड. १९७५ पासून तो म्हणजे लव्हक्राफ्टचं मुंडकं, त्याचा अर्धपुतळा. २०११ साली तो नायजेरियन आईबापांची मुलगी न्नेदी ओकोराफोर हिच्या कादंबरीला मिळाला. लव्हक्राफ्टनं १९१२ साली काळ्यांना माणूस नि जनावर यांच्या मधलं ठरवणारी कविता लिहिली होती. त्या माणसाचं डोकं आपण घरात मांडायचं का, हा सवाल तिनं जाहीरपणे केला. वाद पेटला. २०१५ साली तो पुतळा बंद झाला. निषेध म्हणून आपले पुरस्कार परत करणारा कोण? लव्हक्राफ्टचा चरित्रकार एस. टी. जोशी. जन्म १९५८, पुणे. लहानपणीच अमेरिकेत गेलेला. लव्हक्राफ्टचा वंशद्वेष हा गृहस्थही नाकारत नाही, पण पुतळा हवा म्हणतो. आपलं म्हणणं साधं आहे. पुस्तक राहू द्या, वाचा, फाडून तपासा. पण पुतळा उभारणं म्हणजे वाचणं नव्हे.

आता अवघड भाग. टॉमी पुढं काय करतो? तुम्ही मला राक्षस म्हणता ना, मग घ्या राक्षस, असं म्हणून समुद्रातल्या त्या झोपलेल्या राजाला जागं करायला निघतो. आपला हात टाळीला जातो. पण लव्हॅल तिथं थांबत नाही. शेवटी टॉमी हार्लेमला आपल्या जुन्या मित्राकडे येतो तेव्हा त्याला कळलेलं असतं की आपण सूड घेतला, पण त्यांनी दिलेलाच मुखवटा चढवून घेतला. त्यानं बोलावलेला प्रलय हार्लेमलाही बुडवणार.

ह्याच्याशेजारी दुसरं चित्र ठेवा. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला. त्यावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर. नाव जनावराचंच घेतलं, छाती पुढं काढून घेतलं. एफबीआयनं त्यांना देशाचा धोका ठरवलं. नि हा धोका १९६९ पासून काय करत होता? वस्तीतल्या पोरांना शाळेआधी फुकट नाश्ता वाढत होता! टॉमीचा राग एकट्याचा होता, म्हणून त्याच्या हाती प्रलय आला. पँथरचा राग दहाजणांत वाटलेला होता, म्हणून त्यातून ताट वाढता आलं. राग दोघांचाही खराच होता.

तर दोस्तहो, पुढच्या बैठकीला प्रत्येकानं एक काम करून यायचं. लहानपणी आपल्याला ज्या गोष्टीनं घाबरवलं ती आठवायची नि कागदावर उतरवायची. आपल्याकडं भुतांनाही जात आहे. मुंजा हा बामणाचाच पोर, मेल्यावरही त्याची जात सुटत नाही. तुमच्या गोष्टीतलं भूत कोण होतं, कुठल्या वस्तीतलं होतं, ते मेलं तेव्हा सुटकेचा श्वास कुणी टाकला, हे तपासायचं. मग तीच गोष्ट त्या भुताच्या बाजूनं लिहायची.

लिहून आणा. वाचू, भांडू, छापू.

जय भीम.