घराची दुरुस्ती आणि विम्याचा कागद
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील सांगत आले. जुने घर वाढविणे हेही तितकेच दगदगीचे काम आहे. गवंडी, सुतार, वाळू, सिमेंट यांच्या धांदलीत कपाटातील विम्याच्या कागदाची आठवण कोणास होते? आम्हांसही झाली नाही. त्या विस्मरणाची कथा आज सांगावयाची आहे.

सांगलीस आमचे वडिलार्जित घर आहे. सेवानिवृत्तीच्या पैशांतून २०१६ साली आम्ही त्यावर मजला चढविला. घराचा विमा दहा लाखांचा होता, तो तसाच राहिला. हप्ता वेळेवर भरत होतो. त्यामुळे आपण सुरक्षित आहोत, अशी आमची समजूत होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरले आणि चार लाखांचे नुकसान झाले. विमा कंपनीच्या तपासनिसाने घराची किंमत वीस लाख ठरविली. विमा निम्म्या किमतीचा, म्हणून भरपाईही निम्मी, दोन लाख! जे त्रैराशिक आम्ही जन्मभर मुलांना शिकविले, तेच आम्हांस उतारवयात असे शिकावे लागले. दोष कंपनीचा नव्हता. करारात ते कलम होतेच. आम्ही ते वाचले नव्हते.

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ हा प्रमाणित विमा सुरू झाला आहे. त्यात अशी प्रमाणशीर कपात होत नाही. तथापि इमारतीच्या विम्याची रक्कम चटईक्षेत्र व बांधकामाचा दर यांच्या गुणाकाराने ठरते. वाढविलेली खोली कळविली नाही, तर भरपाईची मर्यादा जुन्याच मापाची राहते. जागेची किंमत मात्र या हिशेबात धरावयाची नसते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जमीन खचून होणाऱ्या हानीस या विम्याचे संरक्षण आहे. परंतु पाडापाडी, खोदकाम वा दुरुस्ती यांमुळे ती खचली, तर नाही. सदोष कामाचेही तसेच. म्हणून मोठे काम असेल, तर ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ नावाचा वेगळा विमा घ्यावा आणि मजुरांच्या अपघाताचा विमा कंत्राटदाराने उतरविला आहे की नाही, हे कागद पाहूनच ठरवावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. परांची बांधली की चोरासही वाट सोपी होते. आणि साधी घरफोडी या गृहविम्यात येत नाही, तिचा विमा निराळा घ्यावा लागतो.

तेव्हा आमची विनंती एवढीच : पहिली वीट हलविण्यापूर्वी कंपनीस लेखी कळवावे व पोच घ्यावी. काम पुरे होताच नवे क्षेत्रफळ कळवून रक्कम वाढवून घ्यावी. पावत्या व छायाचित्रांची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. आमच्या पावत्या पुरातच भिजल्या.

वास्तुशांतीस आपण मुहूर्त पाहतो, आप्तेष्टांस बोलावितो. त्या यादीत एका पत्राची भर घालावी. आम्ही गमावले ते दोन लाख परत येणार नाहीत. पण हे ऐकून एका कुटुंबाचे जरी वाचले, तरी आमचा हा शेवटचा पाठ वाया गेला नाही, असे आम्ही समजू.