अपिलाची तयारी कोठें होते?

नांदेड किंवा लातूरच्या दिवाणी न्यायालयांत दावा हरलेला गृहस्थ पायऱ्या उतरतांना एक वाक्य हटकून बोलतो: "पुढें अपील आहेच!" या वाक्यानें मनाला धीर येतो; परंतु पुष्कळदां तो धीर फसवा ठरतो. अपील म्हणजे तोच दावा पुन्हां पहिल्यापासून चालविणें नव्हे. वरच्या न्यायाधीशांपुढें सहसा साक्षीदार येत नाहींत. येतें तें खालच्या न्यायालयाचें दप्तर. त्यांत जी हरकत नोंदलेली नाहीं, तिला तेथें क्वचितच वाचा फुटते.

समजा, दोघां भावांत वडिलार्जित जमिनीचा तंटा आहे. एकानें निजामी अमदानींतील उर्दू दस्तऐवजाची नुसती छायाप्रत पुढें केली. दुसऱ्याचा वकील गप्प राहिला. कागदावर निशाणी पडली व त्याच्याच आधारें निकाल लागला. आतां 'मूळ कागद कोठें आहे?' असें अपिलांत विचारण्यास उशीर झालेला असतो. तामिळनाडूंतील एका देवस्थानाच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें 2003 सालीं यांतील भेद उलगडून दाखविला. कागद कायद्यानें मुळांतच अग्राह्य असेल, तर हरकत पुढेंही घेतां येते. मात्र तो शाबीत करण्याची रीत चुकली असेल, तर ती कागद दाखल होतांनाच घेतली पाहिजे. कारण उघड आहे. हरकत वेळेवर आली असती, तर विरुद्ध पक्षाला आपली उणीव भरून काढतां आली असती.

हाच न्याय न्यायालयाच्या स्थळालाही लागतो. दावा लातुरास नव्हे, नांदेडास चालावयास हवा होता, ही तक्रार पहिल्याच न्यायालयांत, शक्य तितक्या लवकर व मुद्दे निघण्यापूर्वीं केली पाहिजे. इतकेंही पुरत नाहीं. त्या चुकीनें न्यायाची हानि झाली, हेंही दाखवावें लागतें.

न्यायाधीशांनीं निकालपत्रांत वकिलाची कबुली चुकीची नोंदली असें वाटलें तर? महाराष्ट्रांतूनच गेलेल्या एका प्रकरणांत 1982 सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, न्यायालयांत काय घडलें याविषयीं निकालपत्रांतील नोंद अखेरची. ती चुकली असल्यास आठवण ताजी असतांच त्याच न्यायाधीशांकडे जावें.

मुदतही विसरून चालत नाहीं. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयांत अपील करण्यास 30 दिवस, उच्च न्यायालयांत 90. नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यांतून वजा होतो. मराठवाड्याचें अपील 1956 पूर्वीं हैदराबादेस जाई, नंतर मुंबईस. 1981 च्या ऑगस्टांत औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, उच्च न्यायालयाचें पीठ बसलें आणि वाट पुष्कळ जवळ आली. परंतु वाट जवळ आली म्हणून शिदोरी आपोआप बांधली जात नाहीं. ती खालच्या न्यायालयांत, साक्ष चालू असतां, योग्य क्षणीं उठून बोललेल्या एका वाक्यानें बांधली जाते. तें वाक्य राहून गेलें, तर जमीन हातची जाते. आणि घर मात्र वर्षानुवर्षें अपिलाच्या आशेवर बसतें.