बाजारातील कोबी आणि बांधावरची भाजी

(शहादा येथे शिक्षक, अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायत सदस्यांसमोर दिलेले भाषण)



तापी आणि गोमाई यांच्या खोऱ्यातील शहादा तालुका केळी, पपई, ऊस व कापूस यांच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे. परंतु याच जिल्ह्यातील सातपुड्याच्या पाड्यांवर बालकांचे कुपोषण आणि मातांमधील रक्तक्षय हे प्रश्न अद्याप मिटलेले नाहीत. म्हणूनच ताटातील भाजीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

कोबी बाजारात सहज मिळतो, टिकतो व चिरावयास सोपा असतो. त्यामुळे घरी आणि सामुदायिक स्वयंपाकातही त्याला प्रथम पसंती मिळते. याउलट तांदुळजा, घोळ, तरोटा यांना ‘गरिबाची भाजी’ समजून पाहुण्यांच्या पानात वाढण्यास आपण संकोचतो. हा संकोच कितपत योग्य आहे?

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांनुसार १०० ग्रॅम कोबीत सुमारे ५२ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर लोह अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. हिरव्या माठात, म्हणजे आपल्या पोकळ्यात, कॅल्शियम सुमारे ३३० आणि लोह साडेचार मिलिग्रॅमहून अधिक आढळते. रानात आपोआप उगवणारा तांदुळजा हा याच पोकळ्याचा भाऊबंद होय. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम व लोह जवळपास पोकळ्याइतकेच असून प्रथिने कोबीच्या चौपटीहून अधिक असतात. शिवाय गर्द हिरव्या पानांतील कॅरोटीनपासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते व ते दृष्टीचे रक्षण करते.

कोबी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्यात क जीवनसत्त्व आहे आणि पालेभाजी नसेल त्या दिवशी तो उपयोगी पडतो. तसेच पालेभाजीतील सर्वच लोह व कॅल्शियम अंगी लागते असेही नाही. भाजीबरोबर लिंबू घेतल्यास लोहाचे शोषण वाढते. मात्र रक्तक्षय असलेल्या मातेने भाजीवर विसंबून लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत.

रानभाजी पूर्ण ओळख पटल्याशिवाय खाऊ नये. तणनाशक वा कीटकनाशक फवारलेल्या शेताच्या बांधावरून ती मुळीच आणू नये. कोणती भाजी कोवळी असतानाच खावी, कोणती आधी उकळून पाणी टाकावे, हे भिल्ल व पावरा समाजातील वडीलधाऱ्या स्त्रिया उत्तम जाणतात. हे ज्ञान त्यांच्यापाशीच संपू नये.

यासाठी आपल्या हाती पुष्कळ काही आहे. शिक्षकांनी शाळेच्या परसबागेत शेवगा व पोकळा लावावा आणि जाणत्या आजींना मुलांसमोर बोलवावे. आदिवासी क्षेत्रात २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार देण्याची तरतूद करण्यात आली. अशा आहारात पावसाळ्यात खात्रीची स्थानिक पालेभाजी वाढता येईल. रानभाज्या पावसाबरोबर येतात व जातात. शेवगा मात्र एकदा रुजला की वर्षातील बराच काळ पाला देतो. ग्रामपंचायतींनी सार्वजनिक जागेत त्याची लागवड करावी.

भाजीचा बाजारभाव तिचे पोषणमूल्य सांगत नाही. आपण सन्मानाने ती आपल्या पानात वाढून घेतली, तर मुलेही ती आवडीने खातील.