कारभाऱ्याच्या घरांतील पोटभाडेकरू

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. कोणत्या कामाला केव्हां व किती वेळ प्रोसेसर द्यावयाचा, हें तो ठरवितो. एका कारभाऱ्याच्या घरांत दुसरा नांदविण्याची युक्ति आजची नव्हे, आय्. बी. एम्. कंपनीनें १९७२ सालीं जाहीर केलेली व्हीएम/३७० ही प्रणाली याच युक्तीवर उभी होती.

जमाखर्चाला ही व्यवस्था उत्तम. पण कांहीं कामांत उशिरां आलेलें बरोबर उत्तरही चूकच ठरतें. ध्वनिमुद्रणाचें उदाहरण घ्या. सेकंदाला ४८,००० नमुने, आणि २४० नमुन्यांची एकेक खेप. म्हणजे दर ५ मिलिसेकंदांनीं एक खेप दाराशीं येते. ती वेळेवर उचलली नाहीं तर तेवढा स्वर गेला. खेप मोठी करावी, तर कानाशीं लावलेल्या यंत्रांतून गवयाला स्वतःचाच आवाज मागाहून ऐकूं येतो, आणि तें तो सहन करीत नाहीं.

चाळींतील पोटभाडेकरूनें न्हाण्याधुण्याचें वेळापत्रक कितीही काटेकोर आखावें, नळाची चावी मूळ भाडेकरूच्या हातीं! आंतला कारभारी आपल्या कामांचा अग्रक्रम लावतो खरा. पण बाहेरच्याच्या हिशेबीं तीं सारीं कामें मिळून एकच गिऱ्हाईक. आंत निकडीचें काम चाललें आहे कीं नुसती झाडलोट, हें त्याला एरवीं कळत नाहीं.

बरें, ठराविक वांटा नेमून दिला तर? दर २० मिलिसेकंदांत १० आंतल्याचे, असा करार झाला असें धरा. निम्मा प्रोसेसर मिळाला, आणखी काय हवें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु एका फेरीचे पहिले १० आणि पुढच्या फेरीचे शेवटचे १० त्याला मिळाले, तरी करार पाळलाच गेला. मध्यें मात्र सलग २० मिलिसेकंद तो निश्चल पडून राहिला. तेवढ्यांत ध्वनीच्या चार खेपा येऊन गेल्या. फेरी २ मिलिसेकंदांची करून त्यांतला १ दिला, तर खंडही २ वर येतो. पण प्रत्येक अदलाबदलीला प्रोसेसरचा कांहीं वेळ खर्चीं पडतो, आणि अदलाबदली दसपट वाढतात.

दोन प्रोसेसर दिल्यानेंही सुटका नाहीं. एकावरील कामानें सामाईक वस्तूला कुलूप घातलें असतांना बाहेरच्यानें नेमका तोच थांबविला, तर दुसरा कुलूप उघडण्याची वाट पाहत फुकट फिरत राहतो.

एक अख्खा प्रोसेसर आंतल्याच्या नांवें राखून ठेवणें हा खर्चाचा, पण खरा उपाय. तरीही बाहेरचा कारभारी मध्येंच अडवितां न येणाऱ्या कामांत गुंतला तर खोळंबा होतोच. लिनक्समधील असे खोळंबे कमी करणारी प्रीएम्प्ट-आरटी ही सुधारणा मूळ प्रणालींत पुरती सामील व्हावयास २०२४ साल उजाडलें.

न्यू मेक्सिकोंतील व्हिक्टर योडायकेन व मायकेल बाराबानोव्ह यांनीं १९९० नंतरच्या दशकांत घराची मांडणीच उलटी केली. त्यांच्या आरटीलिनक्समध्यें खालीं एक लहानसा, वेळेचा पक्का कारभारी बसविला, आणि लिनक्सला त्याचें सर्वांत कनिष्ठ काम केलें. लिनक्सनें आंतून दार लावून घेतलें, तरी बाहेरून आलेली हाक आधीं त्या लहान कारभाऱ्यालाच ऐकूं जात असे. लिनक्सला ती सवडीनें पोंचे.